डबा राह्यला घरी

१८ ऑगस्ट, चंद्रपूर

ही डायरी संघप्रियाताईने दिली. कुठल्याशा पतसंस्थेची आहे आणि तीन वर्षांपूर्वीची आहे. वार जुळत नाहीत, म्हणून छापलेलं खोडून वर माझी तारीख टाकतो आहे. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, गडचिरोलीला नर्स आहे. तिला फोनवर म्हटलं की झोप येत नाही, तर गोळी द्यायची सोडून डायरी पाठवली. "लिव. गाण्यासाठी नाई, तुह्यासाठी लिव." गाण्यासाठी नसलेलं लिहायची सवयच मोडली आहे. हात यमक शोधत बसतो.

तर आधी नाव-गाव. प्रफुल खुशाल रामटेके, वय चोवीस, राहणार जांभळीटोला, धानोऱ्याच्या अलीकडे फाट्यावरून आत. या नावाने आता मला फक्त घरमालक हाक मारतो. बाकी सगळ्यांसाठी मी टिनपाट. कॉलेजात पोरं चिडवायची, म्हटलं तेच लावून टाकू, निदान कुणाला नवीन शिवी शोधावी लागणार नाही.

आज माझं गाणं चाळीस लाख लोकांनी ऐकून झालं. तो आकडा पालटला तेव्हा खोलीत मी होतो आणि भिंतीवर पाल होती. पालीला सांगितलं.

२३ ऑगस्ट

अंकुशभाऊ येऊन गेला. हा माझा भागीदार. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, आता अर्ध्या दुकानात 'टिनपाट'चे टी-शर्ट छापतो. छातीवर पंजाचा ठसा टाकला आहे. मी म्हटलं, पंजा नको. तर म्हणतो, "भाऊ, पंजाच तं विकून राह्यला."

आमच्या गावात त्या प्राण्याचं नाव कुणी घेत नाही. जनावर म्हणतात. गाण्यातही मी घेतलेलं नाही. पण हे चंद्रपुरात कुणाला समजावत बसू?

अंकुशभाऊला डब्याची गोष्टही नीट कळलेली नाही, त्याला वाटतं ती माझी कल्पना. मोहफुलांच्या दिवसांत आमच्याकडे पहाटेच जंगलात जातात. फुलं तेव्हा गळतात, उशीर केला तर गुरं खाऊन जातात. वेचणारी बाई वाकलेली असते, आणि वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही. म्हणून एकीने वेचायचं आणि सोबतच्याने उभं राहून तेलाचा रिकामा डबा बडवायचा. एवढी साधी गोष्ट आहे. सहा वर्षांपूर्वी एप्रिलात माझी माय, बायनाबाई, डबेवाल्याशिवाय गेली आणि परत आली नाही. बाबा जाणार होते, ते झोपून राहिले. पंचनाम्यात तसंच लिहिलं आहे.

गाण्यातल्या त्या दोन ओळी आता सगळ्यांना पाठ आहेत:

बाप पडला पिऊन, माय गेली एकली,
डबा राह्यला घरी, जंगलानं ऐकली.

आधी मी 'झोपून' लिहिलं होतं. पण झोपण्यात कुणाला राग येत नाही. 'पिऊन' टाकलं आणि गाणं उभं राहिलं. गाण्यातला बाप म्हणजे बाबा नव्हेत, तो कुठलाही बाप आहे. एका चॅनेलच्या मुलाखतीत मी हे नीट सांगितलं होतं. त्यांनी ते कापलं.

३० ऑगस्ट

आता माझ्यावर चर्चा होतात. एका नेत्याने अर्ज दिला आहे की मी झाडीपट्टीच्या माणसांना दारुडे ठरवून बदनामी केली. दुसरीकडे धानोऱ्याच्या महिला मंडळाच्या कमळाबाई आहेत. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी कागदावर केव्हाची आहे, पण गावोगाव काय चालतं ते सगळ्यांना माहीत. त्या माझं गाणं भोंग्यावर लावून गावोगाव फिरतात. काल चॅनेलवर दोघं भांडले. एक म्हणतो हा पोरगा विष आहे, दुसरी म्हणते हा पोरगा औषध आहे.

मी खोलीत बसून ते पाहिलं. दोघांपैकी कुणालाही मी जेवलो की नाही याचं घेणंदेणं नव्हतं. जेवलो नव्हतो.

पहाटे चारचा अलार्म वाजतो तेव्हा मी जागाच असतो. सहा वर्षांत तीन फोन बदलले, प्रत्येकात तो नव्याने लावला. का लावतो ते माहीत नाही.

९ सप्टेंबर, जांभळीटोला

तीन महिन्यांनी घरी आलो. फाट्यावर उतरलो तर शाळेतली पोरं मागे लागली, सेल्फी, सही, सगळं झालं. मग ती माझ्या मागे घरापर्यंत आली आणि दाराशी बाबा दिसल्यावर एका सुरात ओरडली, "बाप पडला पिऊन!" बाबा हसले. मला वाटलं आवडलं त्यांना.

बाबांनी गेल्या दोन महिन्यांत टपरीवर जाणं सोडलं आहे. चहा घरीच करतात. शेजारचे म्हणाले, "आता आठवते गा आमाले. त्या दिवशी तुह्या बाबाचे डोये लाल होते." ज्याची बायको गेली त्याचे डोळे लाल नसतील तर काय असतील? पण हे मला तिथून निघून आल्यावर सुचलं.

संध्याकाळी बाबांनी वंदना घेतली. रोज घेतात. पंचशीलातलं पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, ते त्याच आवाजात म्हणाले ज्या आवाजात बाकीची चार म्हटली. मी मोबाइल पाहत होतो.

जेवताना विचारलं, "बाबा, गाणं ऐकलं?"

"आयकलं."

"कसं वाटलं?"

"आवाज मायवानी हाये तुह्या." थोड्या वेळाने, "भात घे आजून."

मला वाटलं रागावतील, भांडतील, मग मीही चार गोष्टी बोलेन आणि मोकळं होईल. तसलं काही झालं नाही. बाबांना काही विचारायचंच नसतं, हा त्यांचा स्वभाव मला कधी कळला नाही. टी-शर्ट दिला तर घडी घालून मायच्या पेटीत ठेवला. पंजा आत गेला.

मायचा डबा अजून त्याच खुंटीवर आहे. मला वाटलं होतं गंजला असेल. चकचकीत आहे. मोहाच्या दिवसांत आणि धान कापणीत बाबा तो घेऊन गावातल्या बायांसोबत जातात म्हणे, सहा वर्षांपासून. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

२ ऑक्टोबर, चंद्रपूर

ताईचा फोन. तिच्या दवाखान्यात कुणीतरी तिला म्हणालं, तुमचे वडील दारू पितात का हो. मी तिला समजावलं की गाण्यात असं असतं, कलाकाराला मोकळीक असते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा त्या राती कुठी होते, तुले मालूम हाये. मले बी मालूम हाये. माह्या घरी होते, पोराचं बारसं होतं. सकाळच्या पहिल्या गाडीनं गेले."

मी म्हटलं, पंचनाम्यात तर वेगळं आहे.

"पंचनाम्यात बाबानं लिवून देल्लं थे हाये," ती म्हणाली आणि तिची ड्यूटी सुरू झाली.

आत्ताच हे उकरून काढायची काय गरज होती, कळत नाही. सहा वर्षं गप्प होती ना. दिवसभर बीट करायला बसलो आणि एकही जमला नाही.

१२ ऑक्टोबर

अंकुशभाऊची नवी कल्पना: रंगवलेले डबे विकायचे. पिवळे-काळे पट्टे आणि दोरी. आज इथल्या मैदानावर कार्यक्रम झाला. पोरांनी सगळे डबे घेतले आणि माझ्या गाण्यावर बडवले. हजार-दीड हजार डबे एका तालात. माझ्या मनगटावरचे केस उभे राहिले. हे मी केलं, जांभळीटोल्याच्या एका पोराने केलं, एवढं तरी खरं आहे.

मग सगळे गेले. मैदानात दोऱ्या तुटलेले चार-पाच डबे पडले होते. ते मीच गोळा केले. असंच टाकून देववेना.

२५ ऑक्टोबर

भाऊबीज झाली, आता गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. लेकी-जावई, पाहुणे येतील, जांभळीटोल्यात पाय ठेवायला जागा उरणार नाही. यंदा आमच्या मंडईत दुपारी दंडार, म्हणजे नाच-गाण्याची सोंगं, रात्री नाटक आणि मधल्या वेळात, चार ते साडेपाच, टिनपाट. लहानपणी मी त्या मांडवाच्या बांबूला लोंबकळून नाटक पाहायचो. निमंत्रण आलं तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं.

पण कमळाबाईंचं मंडळही येणार आहे. त्यांचं म्हणणं असं की गाण्याच्या आधी बाबांनी मंचावर यावं आणि सगळ्यांसमोर दारू सोडल्याची शपथ घ्यावी. मुलाचं गाणं, बापाची शपथ. चॅनेलवाले येतील. अंकुशभाऊ खुर्चीवरून उडालाच. "भाऊ, असा शेवट तं पिक्चरमंदी बी नाई भेटत!"

मी म्हटलं, बाबा पीत नाहीत.

"मंग तं सोडाले सोपंच हाये," तो म्हणाला आणि हसला. मीही हसलो. हे इथे लिहिताना वाईट वाटतं आहे, पण हसलो.

१ नोव्हेंबर

मला खात्री होती बाबा नाही म्हणतील. ते नाही म्हणाले की मी कमळाबाईंना कळवणार होतो आणि विषय संपला असता. फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"शपथ घेतली का लोकं आजून काई पुसतीन?"

"नाही. तिथेच संपेल सगळं."

"पंचनाम्याचं नाई न काढनार कोनी?"

"नाही बाबा. ते कशाला काढतील?"

"मंग घेतो," बाबा म्हणाले. "तू नोको चिंता करू."

चिंता मी करतच नव्हतो, मग ते असं का म्हणाले? कदाचित त्यांनाही एकदा मंचावर यावंसं वाटत असेल. म्हातारपणी माणसाला वाटत असेल तसं.

हे वाक्य तीनदा वाचलं. ठेवतो तसंच.

६ नोव्हेंबर

आज सकाळी काही न ठरवता वहीत लिहिलं गेलं:

पोरगा पडला झोपून, माय गेली एकली.

तालावर म्हणून पाहिलं. बसतं. कुठेही ओढावं लागत नाही. पहिल्या दिवसापासून बसत होतं.

दिवसभर दार बंद करून बसलो. अंकुशभाऊने चार फोन केले. ताईला फोन लावला आणि तिने उचलल्यावर ठेवून दिला. कुणाला तरी सांगायला हवं आणि ज्यांना सांगायचं ते तिघंच, त्यातल्या दोघांना माहीत आहे आणि तिसरी म्हणजे माय.

९ नोव्हेंबर, जांभळीटोला

जसं झालं तसं लिहितो.

दंडार संपली तेव्हा मांडव खच्चून भरला होता. पोरं झाडावर होती. पिवळे डबे सगळीकडे. कमळाबाईंनी चांगलं भाषण केलं, त्यांच्या गावात दारूने किती घरं गेली ते सांगितलं, त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मग म्हणाल्या, "खुशालभाऊ, या." बाबा आले. धुतलेला पांढरा शर्ट, आणि पेटीतला माझा टी-शर्ट त्यांनी आत घातला होता. कापडातून पंजा दिसत होता.

कमळाबाईंनी माइक त्यांच्या हातात दिला. "म्हना माह्यामागं. मी खुशाल."

"मी खुशाल," बाबा म्हणाले.

"आजपासून."

"आजपासून."

मी पुढे जाऊन माइक घेतला. घेतला म्हणजे ओढलाच, बाबांचा हात घट्ट होता.

म्हणालो, "बाबा पीत नाई. कधीच नाई पेले. त्या राती ते गडचिरोलीले होते, ताईच्या घरी. मायसंगं डबा घेऊन मी जानार होतो. मी चादरीत मोबाइलवर गाने रेकॉर्ड करत होतो दोन वाजेपर्यंत. चार वाजता तिनं उठवलं. दोनदा उठवलं. मी म्हनलं, तू हो पुढं, मी येतो मांगून. अन् झोपलो. बाबानं माह्या नाव येऊ नये म्हून सोताचं नाव लिवून देल्लं."

एवढंच बोललो. यमक नव्हतं त्यात.

मग मागून एक शिट्टी आली. मग दुसरी. मग टाळ्या. मग डबे. अंकुशभाऊला वाटलं हीच खूण, त्याने लॅपटॉपवरून बीट सोडला. मी हात हलवून नाही-नाही म्हणत होतो आणि त्यालाही लोकांनी हात वर करून उत्तर दिलं. मी माइक खाली केला, म्हटलं मी गायलोच नाही तर गाणं थांबेल. थांबलं नाही. त्यांना पाठ आहे. माझ्या गावाने, पाहुण्यांनी, झाडावरच्या पोरांनी, सगळ्यांनी माझ्या बाबांच्या तोंडावर म्हटलं, "बाप पडला पिऊन!" आणि डबे बडवले. प्रेमाने म्हणत होते ते. त्याला मी काय करू?

कमळाबाई तेवढ्या गात नव्हत्या. त्या बाबांकडे पाहत होत्या आणि मग त्यांनी हात जोडले. बाबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो पार थंड होता. म्हणाले, "झालं बाबू. चाल घरी."

रस्त्यात ते म्हणाले, "सहा वर्षं कोनी तुले एक शब्द म्हनला का? नाई न. मंग कायले सांगतलं?"

आवाजात राग होता. त्यांचा राग मी पहिल्यांदाच ऐकला. मी म्हटलं, "तुम्हाले म्हनत होते न सगळे."

"मले म्हनू दे ना," बाबा म्हणाले. "मी म्हातारा मानूस. मले काय होते?"

थोडं पुढे गेल्यावर थांबले. "दोनदा उठवलं होतं का तिनं?"

"हो."

"मले वाटे, तुले झोपू देऊनच गेली असन," ते म्हणाले. त्यांच्याजवळची ती एवढी एक गोष्ट होती, तीही मी आज घेतली.

अंकुशभाऊचा फोन आला. सगळीकडे तोच तुकडा फिरतो आहे. लोक रडत आहेत म्हणाला, असा अभिनय कुणी पाहिला नाही. नव्या गाण्याची ही सुरुवात म्हणून उद्याच टाकू का, विचारत होता. मी म्हटलं, ते खरं आहे. "म्हून तं चालून राह्यलं भाऊ!" मी फोन बंद केला. चारचा अलार्म त्यासोबत गेला.

१० नोव्हेंबर, जांभळीटोला

सकाळी बाबांनी आवाज दिला. एकदाच. मी उठलो.

चहा झाल्यावर त्यांनी खुंटीवरचा डबा काढला, दोरी माझ्या गळ्यात घातली आणि तेंदूची काडी हातात दिली. कालच्याबद्दल बोलले नाहीत. मंडई झाली तरी धान कुणासाठी थांबत नाही, सहा-सात बाया विळे घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, जंगलाला लागून आहेत. एकीने मला पाहून पदर तोंडाशी नेला. तिला काल काय समजलं, गाणं की खरं, ते मला कळलं नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही.

बांधावर धुकं होतं. बाया कापायला वाकल्या. मी वाजवायला लागलो आणि हात आपोआप त्याच तालावर गेला. दोघी विळा थांबवून वर पाहायला लागल्या, एक तर मान डोलवत होती.

"तालात नोको वाजवू," बाबा म्हणाले.

"काऊन?"

"तालात वाजलं का बाया आयकत राह्यतेत. जंगलाकडे ध्यान राहत नाई. साधा वाजव."

साधं वाजवणं फार कठीण आहे. हात सारखा तालाकडे ओढ घेतो, दर वेळी मोडावा लागतो. तासाभराने जमायला लागलं. नुसता आवाज, मागचा-पुढचा काही संबंध नसलेला. धुकं गेलं, ऊन आलं, हाताला फोड आला. बाबा पलीकडच्या बांधावर जंगलाकडे तोंड करून उभे होते.

दहा वाजेपर्यंत वाजवला. एकाही बाईने माझ्याकडे पाहिलं नाही.